घडी चुकलेला निरोप

१२ जून, गुरुवार

ठके,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडून टाकलं नसशील, तर आधी खुर्चीत बस आणि पाण्याची बाटली जवळ घे. पत्र लांब होणार आहे. मला थोडक्यात लिहिता येत नाही हे तुला ठाऊक आहे. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला कुठे थांबायचं ते कुणी शिकवलेलं नसतं.

तुझी मुलगी काल माझ्या दारात उभी होती.

दुपारी बेल वाजली. मला वाटलं मीटर बघणारा आला. दार उघडलं तर एक उंच चष्मेवाली पोरगी, पाठीला पिशवी, आणि पहिलं वाक्य काय म्हणावं? "नमस्कार. तुमच्या घरात कुणाला फार तहान लागायची का?" मी म्हटलं, "बाई, पाणी गाळायचं यंत्र विकायला आली असशील तर आम्हाला नको," आणि दार ढकललं. तेवढ्यात ती हसली. ठके, हसताना तिची एकच नाकपुडी वर जाते. अशी नाकपुडी मी अख्ख्या जगात एकीचीच पाहिली होती, आणि ती पंचवीस वर्षांत माझ्यासमोर आली नव्हती. मी कडी धरून उंबऱ्यातच खाली बसले. पोरगी घाबरली. तिला वाटलं मला चक्कर आली, म्हणून तिने मला माझ्याच घरात पाणी आणून दिलं.

आठ महिन्यांपूर्वी नोकरीसाठी ती या शहरात आली म्हणे. माझा पत्ता तिने दादाकडून काढला. तुझा दादा मेला मला एका शब्दाने बोलला नाही. त्याच्याशी मी नंतर बघून घेईन.

तीन तास बसली. मला सारखी 'तुम्ही, तुम्ही' करत होती, जशी मी बँकेतली बाई. जाताना चपला घालता घालता म्हणाली, "आजी, तुझ्या जिन्यात दिवा नाही." तुझ्या! मी आज सकाळीच दिवा बसवून घेतला, आता उजेडात दोनदा उगाच खालीवर करून आले.

तिने कप स्वतः विसळून ठेवला. नखं स्वच्छ, बोलणं सरळ, उगाच गोड गोड नाही. हे सगळं तू केलंस. मी तुझ्या वाट्याला काही दिलं नसताना तू हे केलंस. म्हणून हे पत्र. आभार मानायला लिहायला बसले आहे, दुसरं काही मागायला नाही.

हां, एक. तुझ्या पित्ताशयात खडे झालेत आणि नऊ जुलैला ऑपरेशन आहे असं ती म्हणाली. जप. ती तुझ्या बाबांबद्दल विचारत होती, ते किती पाणी प्यायचे वगैरे. मी सांगितलं, रस्त्याच्या डांबराचं काम, उन्हातला गडी माणूस, तहान लागणारच. तिने वहीत लिहून घेतलं. मग म्हणाली, "आणि आई? लहानपणी?" मी म्हटलं, "तिला जरा खोड होती पाण्याची." तिची पेन्सिल थांबली. "आईसुद्धा हाच शब्द वापरते," ती म्हणाली. "अगदी हाच."

मी तिला आणखी बिस्किटं दिली.

आई


१८ जून, बुधवार

ठके,

पाकीट परत आलं नाही! तू गेल्यावर पहिली तीन वर्षं माझं पत्र आठव्या दिवशी न फोडता दारात हजर व्हायचं, पोस्टमनलाही लाज वाटायला लागली होती. या खेपेला सहा दिवस झाले. अजून दोन दिवस आहेत म्हणा. पण मी धीर करून दुसरं लिहिते आहे.

तुझी मुलगी मला तिच्या कामाच्या जागी घेऊन गेली. मी जिथे एकतीस वर्षं काढली त्या हॉस्पिटलच्या धुलाईघराइतकीच मोठी जागा, पण वाफ नाही, आरडाओरडा नाही, नुसती फ्रिजची घरघर. मला पायात प्लॅस्टिकच्या पिशव्या घालायला लावल्या. तिच्या हाताखालच्या मुलाने विचारलं, "या कोण?" ती म्हणाली, "या आमच्याकडच्या घडीतज्ज्ञ." मी पदर सावरून ताठ उभी राहिले.

तिथे उंदरांच्या मेंदूचे काप करतात. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. ते काचेवर चिकटवायचे आणि वर एक औषध सोडायचं. ते औषध असं हुशार, की सगळं सोडून एकाच वस्तूला जाऊन चिकटतं आणि हिरवं चमकतं. म्हणजे ती वस्तू पेशीत नेमकी कुठे बसली आहे ते डोळ्यांना दिसतं. ती वस्तू म्हणजे तहानेचा निरोप.

आता मी तुला समजावते. हसू नकोस, मी तीनदा विचारून घेतलंय. मेंदूच्या तळाशी थोड्याशाच पेशी असतात. त्या मूत्रपिंडांना निरोप धाडतात: पाणी सोडू नका, धरून ठेवा. निरोप म्हणजे मण्यांची साखळी. पेशीच्या पोटात ती आधी हवी त्यापेक्षा कितीतरी लांब ओवली जाते. पुढच्या टोकाला पत्त्याची चिठ्ठी, कुठल्या खोलीत शिरायचं त्याची. खोलीत शिरली की चिठ्ठी कापून टाकायची. मग साखळीची घडी घालायची. घडी नीट बसली तरच पुढच्या खोलीत सोडतात, आणि तिथे ती पिशवीत भरतात. पेशीला लांबच लांब शेपटी असते, तिच्यातून पिशव्या खाली निघतात. आणि ठके, पिशवीत कात्रीही भरून दिलेली असते! वाटेत जाता जाता आतल्या आत साखळीचे ठरलेल्या खुणांवर तुकडे होतात. शेपटीच्या टोकाला पोचेपर्यंत त्यातून नऊ मण्यांचा इवलासा निरोप सुटा होतो.

मी म्हटलं, "चालत्या गाडीत काम? आमच्या मुकादमीणबाईंनी पगार कापला असता."

"आणि टोकाला निरोप संपला," ती म्हणाली, "तर तिथल्या तिथे नवा करता येत नाही. पोटातूनच यावा लागतो."

मग तिने मला दुर्बिणीत बघायला लावलं. चष्मा काढू की ठेवू यातच पाच मिनिटं गेली. पहिल्या काचेवर काळोखात हिरव्या पेशी, आणि त्यांच्या शेपट्यांमध्ये हिरवे ठिपके, ओळीने, थेट खालपर्यंत. इतकं सुंदर मी काही बघितलं नव्हतं. मग तिने दुसरी काच ठेवली. तिच्यात हिरवं होतं, पण सगळं पोटातच. फुगून गच्च. शेपट्या अंधाऱ्या.

"इथे साखळीत एक मणी बदललाय," ती म्हणाली. "म्हणून घडी बसत नाही. घडी नाही म्हणून बाहेर सोडत नाहीत."

मी म्हटलं, "मग परत पाठवतात?"

"थोडं मोडून टाकतात. बाकीचं साठत जातं."

ठके, मला एकदम धुलाईघर दिसलं. तुला आठवत असेल, तू पाचवीत असताना मी एकदा आठवडाभर घरी होते. आमच्याकडे दोन इस्त्रीयंत्रं होती. त्यातल्या एकाचा रूळ वाकला आणि चादरी तिरप्या यायला लागल्या. तिरप्या चादरीची घडी जुळत नाही, न जुळलेला गठ्ठा खिडकीतून वर द्यायचा नाही, असा नियम. आम्ही बाजूला ठेवत गेलो. दुसरं यंत्र धड होतं, त्याच्या चादरी सरळ होत्या, पण ढीग एवढा वाढला की सरळ चादरीसुद्धा खिडकीपर्यंत नेता येईनात. शेवटी दार उघडेना, आतल्या बायकांना श्वास घेता येईना, आणि खोलीच बंद करावी लागली.

मी हे सांगितलं तर तुझी मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने सगळ्यांना हाका मारून बोलावलं. "आजी, परत सांग. दोन यंत्रं. एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. एकच बिघडलं तरी पुरतं, कारण ढीग दोघांच्या वाटेत येतो. मग पेशीच मरते. हे मला समजायला दोन वर्षं लागली."

मला टाळ्या मिळाल्या. खरंच. एकाने तर उभं राहून वाजवल्या, अर्थात तो आधीपासून उभाच होता.

पण येताना बसमध्ये, ढीग साठायला वेळ लागतो ना, तेच डोक्यात फिरत होतं. त्याबद्दल पुढच्या खेपेला लिहीन. आज नको.

आई


२३ जून, सोमवार

ठके,

आठवा दिवस उलटून गेला. पाकीट तुझ्याकडेच आहे. वाचलंस की नाही ते तू जाण, ठेवून घेतलंस हेच माझ्यासाठी पुष्कळ.

काल चष्मेवाली आली होती. ती म्हणाली, आई तपासून घ्यायला तयार नाही. ऑपरेशनच्या कागदावर 'दुसरा काही त्रास?' असं विचारलं होतं, तिथे तू 'नाही' लिहिलंस. तिने तुझ्याशी वाद घातला तर तू म्हणालीस, "खोडीला कुठे औषध असतं का?"

मग तुझ्या मुलीने मला तोंडावर सांगितलं, "आजी, मी सांगून ती ऐकणार नाही. हा शब्द तिला ज्याने दिला त्यानेच तो परत घ्यायला पाहिजे." तुझीच मुलगी. तूही अशीच बोलायचीस, आणि मी तुझं तोंड बंद करायची.

तर परत घेते. आडवळणं न घेता लिहायचा प्रयत्न करते.

अडीच वर्षांची होईपर्यंत तू इतर मुलांसारखी होतीस. तेवढंच पाणी, तेवढीच ओली लंगोटी. मग हळूहळू वाढलं. म्हणून तर मला वाटलं, की जन्मापासून नाही, म्हणजे लागलेली सवय आहे, म्हणजे मोडता येते. आता कळलं की ढीग साठायला दोन-अडीच वर्षं लागतात. तुझी पेशी तेवढे दिवस झगडत होती, आणि ती हरली त्याच सुमारास मी तुला मारायला सुरुवात केली.

स्वयंपाकघराला कुलूप मी लावायची. किल्ली माझ्या गळ्यात असायची. तुला वाटायचं बाबांनी लावायला सांगितलं. नाही, त्यांनी तर दोनदा माझ्याशी भांडण केलं. मीच तुला तसं वाटू दिलं.

शाळेतून बोलावणं आलं, की तुमची मुलगी फरशी पुसायच्या बादलीतलं पाणी प्यायली. बाईंसमोर मी तुला विचारलं, "लाज नाही वाटत?" तू म्हणालीस, "वाटते. पण तहान जास्त वाटते." तू आठ वर्षांची होतीस. मोठ्यांनाही असं उत्तर सुचत नाही. आणि मी ते उद्धटपणात जमा केलं.

आणि ते सहा ग्लास. दादाच्या होणाऱ्या सासुरवाडीची माणसं पहिल्यांदा घरी आली होती. मी तुला बजावलं होतं, त्यांच्यासमोर घोटभरही प्यायचं नाही. तू ट्रे घेऊन आलीस, मध्यभागी उभी राहिलीस आणि सहाच्या सहा ग्लास एकामागून एक रिकामे केलेस. दादाचे सासरे म्हणाले, "आम्ही घरून पिऊन आलोय, चालेल." सगळे हसले. तूसुद्धा हसलीस, नाकपुडी वर करून. मी सगळ्यांदेखत तुझ्या थोबाडीत मारली. महिन्याभरात तू गेलीस. मी लोकांना सांगत राहिले की तू एका मुलासाठी गेलीस.

आता सगळ्यात अवघड. हे तुझ्या मुलीलाही कालपर्यंत ठाऊक नव्हतं, दादालाही नाही.

तू चार वर्षांची असताना बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. तू तेव्हा मावशीकडे होतीस. आदल्या संध्याकाळपासून त्यांना पाणी बंद केलं. ऑपरेशन लांबत दुसऱ्या दिवशी दुपारी झालं. त्यानंतर ते बरळायला लागले. मला त्यांच्या आईच्या नावाने हाका मारत होते, जीभ लाकडासारखी झालेली. डॉक्टरीणबाई धावत आल्या, रक्त तपासलं, म्हणाल्या रक्तात मीठ फार वाढलंय. सलाइन बदलली, पाणी पाजलं, दोन दिवसांनी ते शुद्धीवर आले. त्या बाईंनी मला नीट बसवून विचारलं होतं, "हे एरवी पाणी किती पितात?"

मी म्हटलं, "साधंच. चारचौघांसारखं."

का म्हटलं? कारण घरी मी तुझी 'खोड' मोडत होते. बाबांचं खरं सांगितलं असतं तर ती खोड उरली नसती, बापाकडून आलेली गोष्ट ठरली असती, आणि मी काय करत होते ते मला दिसलं असतं. बाईंनी तोंडावर विचारलं आणि मी तोंडावर खोटं बोलले. तेव्हा खरं बोलले असते तर कुणीतरी तेव्हाच तुला तपासलं असतं.

ठके, तुलाही नऊ तारखेच्या आदल्या दिवसापासून पाणी बंद करतील. त्या कागदावरचं 'नाही' खोड. तुझ्या डॉक्टरांना सांग: माझ्या वडिलांना असं झालं होतं, माझी आई साक्षीला आहे. मला क्षमा करायची काही गरज नाही, ते वेगळं खातं आहे आणि ते तुझं तू बघ. फक्त डॉक्टरांना सांग. माझ्यावर राग ठेवून सांगितलंस तरी चालेल.

तुला आजार होता. खोड माझी होती.

आई


४ जुलै, शुक्रवार

ठके,

तुझं कार्ड मिळालं. चार वेळा वाचलं, आणि त्यात वाचण्यासारख्या दोनच ओळी आहेत. 'बाबांचं ऑपरेशन कोणत्या साली? मीठ किती वाढलं होतं याचा कागद आहे का? डॉक्टर विचारतात.' मायना नाही, सही नाही, 'आई' नाही. पण 'डॉक्टर विचारतात' हे दोन शब्द मी देवळात असल्यासारखी हात जोडून वाचले.

तू सांगितलंस. बाळा, तू सांगितलंस.

आता तुझ्या प्रश्नांची उत्तरं, शहाण्यासारखी देते. साल, तू चार वर्षांची म्हणजे आजपासून एक्केचाळीस वर्षांपूर्वीचं. महिना मार्च, नक्की, कारण धुलाईघरात तेव्हा नवीन बॉयलर आला होता. कागद आहे. मी कागद टाकत नाही, पत्र्याच्या पेटीत तळाशी सापडला. माझ्या हातून काही होऊ नये म्हणून दादाला बोलावलं आणि त्याच्याकडून तुझ्या मुलीला फोटो धाडला. (दादाशी मी बघून घेतलं. तो म्हणाला, "आई, मी पत्ता दिला म्हणून तर हे झालं." मी त्याला जेवायला वाढलं.)

तुझी मुलगी म्हणते, ऑपरेशन दोन आठवडे पुढे ढकललं. आधी ग्रंथींचे डॉक्टर बघणार. एक दिवस हॉस्पिटलात बसवून, पाणी बंद ठेवून, तासातासाला लघवी आणि रक्त तपासणार म्हणे. त्या दिवशी तुला फार त्रास होईल. पण या खेपेला तुझं पाणी अडवणारी माणसं तुझ्यासाठी घड्याळ लावून, हात धरून बसलेली असतील. मी तशी बसले नव्हते.

आणि गोळी असते, ठके! जिभेखाली ठेवायची, विरघळते. तो नऊ मण्यांचा निरोप आहे ना, त्याची बाहेर बनवलेली नक्कल. पेशी मेली तरी निरोप पोचतो. ज्यांनी ही गोळी काढली त्यांना मी ओळखत नाही, पण कालपासून त्यांच्या घरच्यांनाही माझे आशीर्वाद चाललेत. एक सांगून ठेवते, चष्मेवालीने बजावलंय: गोळी घेतल्यावर सवयीने बाटल्याच्या बाटल्या रिकाम्या करायच्या नाहीत, तेव्हा ते उलटं अंगाशी येतं. तहान लागली की प्यायचं. बघ, तुला हे वाक्य माझ्याकडून ऐकायला पंचेचाळीस वर्षं थांबावं लागलं.

तिला स्वतःला हे नाही. तिने तपासून घेतलंय. मी विचारलं, "मग तू याच्या मागे का लागलीस?" म्हणाली, "लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्याच आया रात्री पाणी प्यायला दर अर्ध्या तासाने उठतात. मैत्रिणीकडे राहायला गेले तेव्हा कळलं, की नाही."

ऑपरेशन झालं की कुणाकडून तरी कळव. तू स्वतः नाही कळवलंस तरी चालेल.

आई


३० जुलै, बुधवार

ठके,

तासाभरापूर्वी तुझा फोन आला होता आणि मी एक अक्षर धड बोलले नाही, म्हणून लिहिते आहे. लिहिताना मला तोंड फुटतं.

ऑपरेशन नीट झालं, सलाइन मोजून दिली, मग तिथेच गोळी सुरू केली, खडे बरणीत घालून तुझ्या नवऱ्याला दाखवले, हे सगळं मला चष्मेवालीकडून त्याच दिवशी कळलं होतं. तुला काल घरी सोडलं हेही कळलं होतं. हॉस्पिटलात नर्सबाई दर दोन तासांनी ताप बघायला उठवायच्या म्हणून तू वैतागली होतीस, तेही. म्हणून सकाळी साडेसातला अनोळखी नंबर बघून वाटलं, आता काय झालं?

तू म्हणालीस, "आई."

मी म्हटलं, "कोण?" जसं काही मला कळलंच नव्हतं.

तू म्हणालीस, "आई, मी काल झोपले. आणि डोळे उघडले तर सकाळ झाली होती."

मला आधी समजलंच नाही. मनात आलं, सगळ्यांचंच तसं होतं, त्यात सांगण्यासारखं काय? आणि मग समजलं. मी फोन दोन्ही हातांनी धरला. मग तू म्हणालीस, "अजून कुणाला उठवलं नाही मी. घरात सगळे झोपलेत. खिडकीत बसलेय." आणि मी मूर्खासारखी म्हटलं, "खिडकीत वारा लागेल, काहीतरी पांघर." तू म्हणालीस, "पांघरलंय." आणि ठेवलास.

बस, एवढंच झालं. पंचवीस वर्षांनी आपण वाऱ्याबद्दल बोललो.

मला जे म्हणायचं होतं ते हे: अडीच वर्षांची झाल्यापासून तू पहिल्यांदा रात्रभर सलग झोपलीस, आणि उठल्यावर ते सगळ्यात आधी मला सांगितलंस. मी याच्या लायक नाही हे आपल्या दोघींनाही माहीत आहे. तरी सांगितलंस. मी ते घेतलं, ठके. दोन्ही हातांनी घेतलं.

आता पत्र टाकायला खाली जाते. फोन वाजला तर थोडा वेळ वाजू दे, मला जिना चढायला वेळ लागतो. पण मी येते. मध्येच ठेवू नकोस.

आई